नाकाजिमा उपकारावर आला नव्हता

सातोरू नाकाजिमाचे नाव निघाले की मोटर-शर्यतींवर बोलणारी आपल्याकडची मंडळी एकच शेरा मारून मोकळी होतात: होंडाने इंजिन दिले आणि त्याच्याबरोबर ड्रायव्हरही गळ्यात मारला. पुढचा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ. १९८७ ते १९९१ अशी पाच वर्षे फॉर्म्युला वन, ७४ शर्यती, अवघे १६ गुण, पहिल्या तिघांत एकदाही नाही. पहिल्या वर्षी लोटस संघातल्या दुसऱ्या गाडीत आयर्तोन सेन्ना, पुढची दोन वर्षे नेल्सन पिके. त्यांच्यापुढे हा उघडा पडला, कंपनीच्या वशिल्याने टिकला आणि गेला. खटला निकाली.

एवढ्यावर थांबले असते तर जुन्या आकड्यांचा वाद म्हणून सोडून देता आले असते. पण हा शेरा आपल्याकडे एका मोठ्या निकालाचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. मोटर-शर्यत हा मुळातच पैसेवाल्यांचा आणि कंपन्यांचा खेळ, तिथे गुणांना काडीची किंमत नाही, तेव्हा सोलापूर-सांगलीच्या पोरांनी त्या वाटेला जाऊ नये, आणि कुणी गेलाच तर समाजाने त्याच्यामागे उभे राहायचे कारण नाही, असा तो निकाल. शेरा नाकाजिमावर अन्याय करतो आणि निकाल आपल्याच मुलांवर. म्हणून दोन्हींचा समाचार घ्यायला हवा.

माझे म्हणणे सरळ आहे. खेळाडूला पाठबळ मिळाले हा त्याच्यावरचा डाग नसतो. पाठबळ लायक माणसाला मिळाले का, आणि त्याने पुढे त्याचे काय केले, एवढेच विचारायचे असते. नाकाजिमाच्या बाबतीत दोन्ही प्रश्नांची उत्तरे स्वच्छ आहेत. प्रश्न विचारायचाच असेल तर तो आपल्याला आहे. गाड्या बनवणाऱ्या महाराष्ट्राने एका तरी ड्रायव्हरच्या पाठीवर हात ठेवून तो दहा वर्षे तसाच राहू दिला आहे का?

आधी लायकीचे पाहू. नाकाजिमाचा जन्म २३ फेब्रुवारी १९५३ चा, आइची प्रांतातल्या ओकाझाकीचा, शेतकरी कुटुंबातला. फॉर्म्युला वनमधली पहिली शर्यत तो धावला एप्रिल १९८७ मध्ये, ब्राझीलला. वय ३४. ज्या वयात अनेक ड्रायव्हर आवराआवर करू लागतात त्या वयात याचे पदार्पण. मधली वर्षे तो कुणाच्या दारात ताटकळत बसला नव्हता. जपानचे फॉर्म्युला टूचे अजिंक्यपद त्याने १९८१, १९८२, १९८४, १९८५ आणि १९८६ असे पाच वेळा मिळवले, त्यातले शेवटचे तीन सलग. ‘घरच्या मैदानावर काय, कुणीही जिंकेल’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की तिथे काझुयोशी होशिनोसारखा कसलेला गडी समोर होता, आणि मधले १९८३ चे अजिंक्यपद इंग्लंडच्या जेफ लीसने नेले होते. म्हणजे मैदान बाहेरच्यांनाही खुले होते. शिवाय १९८२ साली युरोपीय फॉर्म्युला टूच्या शर्यतीसाठी तो सिल्व्हरस्टोनला गेला आणि दुसरा आला. परक्या देशात, परक्या ट्रॅकवर. हे सारे त्याने लोटसच्या पिवळ्या गाडीत पाय ठेवण्याच्या आधीचे आहे.

होंडाचा इतिहासही विसरून चालणार नाही. लोहाराच्या घरात जन्मलेल्या सोइचिरो होंडाने सुझुकाचा ट्रॅक १९६२ मध्ये उभा केला आणि १९६४ मध्ये कंपनी फॉर्म्युला वनमध्ये उतरली. १९६५ ला मेक्सिकोत पहिला विजय मिळाला तेव्हा गाडी जपानी होती, चालवणारा अमेरिकन रिची गिंथर. १९६८ ला माघार घेईपर्यंत होंडाच्या फॉर्म्युला वन गाडीत एकही जपानी ड्रायव्हर बसला नाही. कंपनीला नुसता आपला माणूस मिरवायचा असता तर तो तिने तेव्हाच बसवला असता, कारण तेव्हा गाडीही तिचीच होती. १९७६ आणि १९७७ ला फुजीवर काही जपानी ड्रायव्हर घरच्या शर्यतीपुरते उतरले, पण पूर्ण मोसमासाठी जागा मिळवणारा पहिला जपानी नाकाजिमाच. १९६४ ते १९८७ या २३ वर्षांत त्या देशात ट्रॅक झाले, स्पर्धा झाल्या, त्यांतून माणसे घासून-पुसून निघाली, आणि त्यांतला पाच वेळचा विजेता पुढे पाठवला गेला. याला वशिला म्हणत नाहीत. याला पीक काढणे म्हणतात.

आता पैशाचा मुद्दा. लोटसला होंडाचे इंजिन हवे होते आणि त्या व्यवहारात नाकाजिमाची जागा ठरली, हे सर्वमान्य आहे. मीही ते नाकारत नाही. पण हाच निकष लावायचा तर तो सर्वांना लावा. १९९१ साली, म्हणजे नाकाजिमाच्या शेवटच्याच मोसमात, बेल्जियममधल्या स्पा इथे एका बावीस वर्षांच्या जर्मन मुलाने जॉर्डन संघाकडून पहिली शर्यत धावली. त्या जागेसाठी मर्सिडीजने संघाला पैसे मोजले होते. त्या मुलाचे नाव मायकेल शूमाखर. त्याच्याही आधी निकी लाउडाने विमा तारण ठेवून बँकेचे कर्ज काढले आणि जागा विकत घेतली. पुढे लाउडा तीन वेळा जगज्जेता झाला, शूमाखर सात वेळा. त्यांना कुणी पैशाचे ड्रायव्हर म्हणत नाही. मग पैसे आणणे हा गुन्हा जपानी माणसाने केला तरच गुन्हा ठरतो का?

आपल्या मातीतले उदाहरण याहून बोलके आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा गेले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. त्यांच्या कांस्यपदकाकडे बोट दाखवून ‘हे खर्डेकरांच्या पैशाचे’ असे म्हणण्याची कुणाची छाती आहे? आपण खर्डेकरांना हात जोडतो, कारण त्यांनी माणूस पारखला. कुस्तीला राजाश्रय आणि लोकाश्रय दोन्ही मिळाले म्हणून कोल्हापूर कुस्तीची पंढरी झाली, हे आपण अभिमानाने सांगतो. तोच आश्रय एका जपानी कंपनीने आपल्या माणसाला दिला की तो भ्रष्टाचार कसा काय ठरतो?

राहिला गुणांचा हिशेब. तो मी टाळणार नाही. पाच वर्षांत एकाही मोसमात नाकाजिमाचे गुण संघातल्या जोडीदारापेक्षा जास्त नव्हते. १९८७ ला सेन्नाचे ५७, याचे ७. १९८८ ला पिकेचे २२, याचा १, आणि त्या वर्षी मोनाको आणि डेट्रॉइटला तो पात्रताही मिळवू शकला नाही. १९९० ला टिरेल संघात जाँ अलेसीचे १३, याचे ३. तो सेन्नाच्या तोडीचा होता असे कुणी म्हणत नाही. पण ‘सेन्नाच्या तोडीचा नाही’ इथून ‘तिथे बसण्याच्या लायकीचा नाही’ इथवर उडी मारणाऱ्यांनी एक आकडा पाहावा. नाकाजिमाच्या आदल्या वर्षी, १९८६ मध्ये, लोटसची तीच दुसरी जागा जॉनी डमफ्रीसकडे होती. तो १९८४ चा ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीचा विजेता, त्याच्यामागे कुठल्याही इंजिन कंपनीची अट नव्हती. सेन्नाचे ५५ गुण, डमफ्रीसचे ३. म्हणजे युरोपातून निवडून आणलेल्या ड्रायव्हरने जे केले त्याच्या दुपटीहून जास्त गुण होंडाने ‘गळ्यात मारलेल्या’ माणसाने पहिल्याच वर्षी, बहुतांश अनोळखी ट्रॅकवर मिळवले. दुसऱ्याच शर्यतीत, इमोलाला, तो सहावा आला आणि गुण मिळवला. बेल्जियमला पाचवा. सिल्व्हरस्टोनला चौथा, आणि तो क्रम असा होता: मॅन्सेल, पिके, सेन्ना, नाकाजिमा. चारही गाड्यांत होंडाचे इंजिन. त्या दिवशी त्याच्या पुढे असलेले तिघेही कारकिर्दीत कधी ना कधी जगज्जेते ठरले.

१९८८ चे सुझुका तर या टीकाकारांच्या बोलण्यात कधीच येत नाही. घरच्या शर्यतीच्या त्याच आठवड्यात, शुक्रवारी, नाकाजिमाची आई वारली. तो गाडीत बसला. पात्रता फेरीत त्याची आणि आदल्या वर्षीचा जगज्जेता असलेल्या पिकेची वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत सारखी निघाली. पिके पाचवा, नाकाजिमा सहावा. तेच इंजिन, तीच गाडी, तोच ट्रॅक. ज्याला सुझुकाचे प्रत्येक वळण पाठ होते त्याला बरोबरीचे साधन मिळाल्यावर काय झाले ते आकड्यांनी सांगून ठेवले आहे.

आणि आता वशिल्याच्या आरोपाचा गाभा. १९८९ मध्ये होंडाने लोटसला इंजिन देणे बंद केले. लोटसला जडचे कमी ताकदीचे व्ही-८ इंजिन वापरावे लागले. नाकाजिमा निव्वळ होंडाचे ओझे होता, तर ओझे उतरवायला याहून चांगली वेळ कोणती होती? संघाने त्याला ठेवला. जपानी प्रायोजक त्याच्यामागे होते हे खरे. पण इंजिनाची अट आता उरली नव्हती. १९९० ला टिरेलकडे गेला तेव्हाही इंजिन फोर्डचे होते. म्हणजे पाचपैकी दोन वर्षे तो होंडाशिवाय धावला. आणि कारकिर्दीतली सर्वात मोठी शर्यत त्यातल्याच एका वर्षी आली.

५ नोव्हेंबर १९८९, ऑस्ट्रेलियातले अॅडलेड. पाऊस थांबायला तयार नाही. शहरातल्या रस्त्यांवरचा ट्रॅक, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती, सखल भागात पाण्याची डबकी. अशा पाण्यात शर्यतीच्या गाडीचा रुंद टायर रस्ता सोडतो आणि पाण्यावर तरंगायला लागतो. त्या क्षणी स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो, ब्रेक दाबला तर गाडी गरकन फिरते. पायाखालच्या अॅक्सिलरेटरवर किती भार ठेवायचा याचा अंदाज फक्त अंगाला येतो. त्यात पुढच्या गाडीच्या चाकांतून उडणाऱ्या पाण्याची भिंत अशी की दहा-पंधरा मीटरवरचे दिसत नाही. आलें प्रोस्ट एक फेरी मारून गाडीतून उतरला आणि या पाण्यात धावणार नाही म्हणाला. सेन्ना आघाडीवर असताना तुषारांत न दिसलेल्या मार्टिन ब्रंडलच्या गाडीवर मागून आदळला. पिकेही तसाच पिएरकार्लो गिंझानीवर जाऊन आदळला. तीन जगज्जेते असे बाद झाले. नाकाजिमा निघाला होता २३ व्या जागेवरून. एकेकाला मागे टाकत तो चौथा आला, तिसऱ्या रिकार्दो पात्रेसेच्या मागे अवघ्या काही सेकंदांवर, आणि त्या शर्यतीतली सर्वात जलद फेरी त्याच्या नावावर लागली. दोन तासांची मर्यादा संपल्याने शर्यत ७० फेऱ्यांवर थांबवावी लागली. लोटस संघ पुढे १९९४ पर्यंत धावला, पण सर्वात जलद फेरी त्याच्या एकाही ड्रायव्हरला पुन्हा मिळाली नाही. शेवटची नाकाजिमाची.

पाऊस इंजिनाची ताकद निकामी करतो आणि ड्रायव्हरला उघडा करतो. हे शर्यतीतले सगळेच मानतात; सेन्नाची पहिली ओळखही मोनाकोच्या पावसातच झाली. मग नाकाजिमाला पावसाने जे प्रमाणपत्र दिले ते कोणत्या तोंडाने नाकारायचे?

पण १६ गुणांच्या हिशेबातली सगळ्यात मोठी चूक वेगळीच आहे. तो हिशेब १९९१ ला बंद होतो, आणि नाकाजिमाचे खरे काम त्यानंतर सुरू झाले. त्याने स्वतःचा संघ चालवला. नाकाजिमा रेसिंगच्या गाडीतून टॉम कोरोनेलने १९९९ चे, तोरानोसुके ताकागीने २००० चे, राल्फ फर्मनने २००२ चे आणि लोइक द्युवालने २००९ चे फॉर्म्युला निप्पॉन अजिंक्यपद मिळवले. सुझुकाच्या रेसिंग स्कूलचा तो अनेक वर्षे मुख्याध्यापक होता. त्याच शाळेतून ताकुमा सातो निघाला, ज्याने अमेरिकेतली इंडियानापोलिस ५०० ही शर्यत २०१७ आणि २०२० अशी दोनदा जिंकली. २०१९ ला नाकाजिमाची खुर्ची त्याच सातोकडे गेली. २०१६ मध्ये त्या शाळेच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेत एक मुलगा मागे पडला. नियमाने त्याचा रस्ता तिथेच संपत होता. मुख्याध्यापक नाकाजिमाला त्याच्यात काहीतरी दिसले, त्याने शब्द टाकला आणि मुलाला फॉर्म्युला फोरमध्ये संधी मिळाली. तो युकी त्सुनोदा, जो २०२१ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला. ज्याला आयुष्यभर ‘शिफारशीचा ड्रायव्हर’ म्हणून हिणवले त्याच्या एका शिफारशीने पुढची पिढी उभी राहिली. शिफारस करणाऱ्याची नजर पारखी असेल तर शिफारस हे खेळाचे मोठे साधन असते, याला याहून वेगळा पुरावा नको.

या कथेत आपणही आहोत. २००५ मध्ये नारायण कार्तिकेयन जॉर्डन संघातून फॉर्म्युला वनमध्ये गेला तेव्हा त्याच्यामागे मुंबईच्या टाटांचे नाव होते. फॉर्म्युला वनचे दार बंद झाल्यावर त्याला पुन्हा शर्यतीचे मानाचे पान मिळाले ते जपानमध्ये, आणि तिथे तो नाकाजिमाच्याही संघाकडून धावला. तेव्हा त्या संघाचे नाव होते टीसीएस नाकाजिमा रेसिंग. टाटा कन्सल्टन्सीची अक्षरे गाडीवर ठळक. २०१९ मध्ये त्याच नावाच्या संघातून एक स्पॅनिश मुलगा धावला, आलेक्स पालोऊ. पुढे त्याने अमेरिकेत इंडीकारची चार अजिंक्यपदे मिळवली. म्हणजे मुंबईतल्या कंपनीचा पैसा नाकाजिमाच्या हातात गेला आणि त्यातून स्पेनचा विजेता घडला. पैसा वाईट नव्हता, तो वापरणारी व्यवस्था तिकडे होती. ती आपण इथे उभी केली नाही.

तशी ती असती तर काय झाले असते, हे मुंबईच्या जेहान डारुवालाच्या प्रवासाकडे पाहिले की कळते. २०११ मध्ये फोर्स इंडिया संघाने देशभरातून मुले निवडली, त्यांत तो होता. युरोपात कार्टिंग करत, एकेक पायरी चढत २०१९ ला तो जागतिक फॉर्म्युला थ्रीमध्ये तिसरा आला. त्याच स्पर्धेत त्सुनोदा नववा होता. डारुवालाचा संघ जास्त तगडा होता, हेही सांगायला हवे. २०२० मध्ये दोघे फॉर्म्युला टूमध्ये एकाच कार्लिन संघात, दोघेही रेड बुलच्या छत्राखाली. त्या वर्षी त्सुनोदाने त्याला साफ मागे टाकले: तो तिसरा, डारुवाला बारावा, जरी मोसमाच्या शेवटी साखीरला फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय होण्याचा मान डारुवालाने मिळवला. त्सुनोदा फॉर्म्युला वनला गेला. डारुवाला आणखी तीन मोसम फॉर्म्युला टूमध्ये राहिला, एकूण चार शर्यती जिंकला आणि २०२४ ला विजेवर चालणाऱ्या फॉर्म्युला ईकडे वळला.

त्सुनोदाची जागा डारुवालाला द्यायला हवी होती, असा माझा दावा नाही. मला दिसतो तो दोघांच्या पाठीमागचा फरक. जपानी मुलगा युरोपात कमी पडला तर त्याला परतायला घर असते. सुपर फॉर्म्युला आहे, सुपर जीटी आहे, कंपन्यांचे संघ आहेत, शर्यत हा पोटापाण्याचा व्यवसाय आहे. म्हणून तो धोका पत्करू शकतो, एका वाईट वर्षाने संपत नाही. आपल्या मुलाच्या मागे कुटुंबाची ऐपत असते आणि एखाद्या परदेशी संघाची मर्जी. ज्या फोर्स इंडियाने डारुवालाला निवडले तो संघच २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या दारात जाऊन दुसऱ्याच्या हाती गेला. ‘हा पैसेवाल्यांचा खेळ’ ही तक्रार करणाऱ्यांनी हे समजून घ्यावे: जिथे कंपनी ड्रायव्हरच्या मागे उभी राहात नाही तिथेच खेळ फक्त श्रीमंत बापांच्या मुलांचा उरतो. ओकाझाकीच्या शेतकऱ्याचा मुलगा फॉर्म्युला वनला गेला तो कंपनीच्या पाठबळामुळे. ज्या गोष्टीला तुम्ही कलंक म्हणता तीच गोष्ट या खेळात गरिबाला दार उघडते.

सरकारनेही आपल्याकडे दार लावूनच घेतले. २०११ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध ट्रॅकवर भारताची पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली तेव्हा केंद्राच्या क्रीडा खात्याची भूमिका होती की हा खेळ नाही, करमणूक आहे. करांचे वाद चिघळले आणि तीन वर्षांत, २०१३ नंतर, शर्यत बंद पडली. २०१९ मध्ये रॅलीचा ड्रायव्हर गौरव गिल याला अर्जुन पुरस्कार मिळाला, मोटर-शर्यतीतला पहिलाच. म्हणजे हा खेळ आहे हे राज्यकर्त्यांनी मान्य करायला इतका काळ जावा लागला.

आता सोलापुरातून हमखास येणारा सवाल: ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, जिथली शिकलेली पोरे पुण्याची गाडी पकडतात, तिथे शर्यतीच्या गाड्यांच्या गोष्टी कशाला? सवाल रास्त आहे आणि त्याला उत्तरही आहे. पाणी महापालिकेने आणि शासनाने द्यायचे आहे. त्यातला एक रुपयाही मी मागत नाही. मी बोलतो आहे ते गाड्यांवर पोट भरणाऱ्या उद्योगाबद्दल, आणि तो उद्योग सोलापूरला परका नाही. चादर आणि टॉवेलच्या या शहरात प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना आहे आणि तिथे बनलेले कॅमशाफ्ट देशोदेशीच्या मोटारींच्या इंजिनात फिरतात. इंजिनाच्या झडपा नेमक्या क्षणी उघडायच्या आणि मिटायच्या हे काम कॅमशाफ्टचे. त्याच्या दांड्यावरचे उंचवटे झिजता कामा नयेत, आणि दांडा मात्र ठिसूळ होता कामा नये. म्हणून ओतकामात वाळूच्या साच्यात उंचवट्यांच्या जागी धातूचे तुकडे बसवतात. तापलेला रस त्यांना भिडला की तेवढाच भाग झटकन थंड होऊन कठीण होतो, बाकीचा सावकाश निवतो आणि चिवट राहतो. हे काम रोज करणारे कामगार, त्याची मापे मायक्रॉनमध्ये तपासणारे तंत्रज्ञ या गावात राहतात. गाडीचे काळीज घडवणाऱ्या गावाच्या पोराने ती गाडी चालवण्याचे स्वप्न पाहू नये, हे कोणत्या न्यायाने सांगता?

दुसरा आक्षेप वेगाचा. आधीच विजापूर रोडवर रात्री सायलेन्सर काढून मोटारसायकली पळवणारे कमी आहेत का, त्यात आणखी तेल कशाला ओतायचे, असे पालक विचारतात. त्यांची काळजी खरी आहे. पण त्या पोरांना वेगाची ओढ शर्यतीने लावलेली नाही. ती त्या वयातच असते. ट्रॅक त्या ओढीला हेल्मेट घालतो, नियम लावतो, घड्याळासमोर उभे करतो आणि बहुतेकांना नम्रपणे सांगतो की तुला वाटते तेवढा तू वेगवान नाहीस. रस्त्यावर हे शिक्षण अपघातातून मिळते. कोल्हापूरजवळ मोहितेंच्या कार्टिंग ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. तिथे घाम गाळणारा मुलगा हमरस्त्यावर जीव धोक्यात घालायला जाण्याची शक्यता जास्त की कमी, हे पालकांनीच ठरवावे.

माझी मागणी नेमकी आहे. चाकण, नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि सोलापूर इथल्या मोटार उद्योगाने मिळून महाराष्ट्रातल्या मुलांसाठी एक कार्टिंग शिष्यवृत्ती सुरू करावी. फोक्सवॅगनने चाकणहून चालवलेल्या पोलो कपसारख्या मालिकांनी इथे ड्रायव्हर मिळतात हे दाखवून दिलेच आहे. पण मालिका येतात आणि जातात, शिष्यवृत्ती टिकली पाहिजे. निवड आडनावावर किंवा बापाच्या ऐपतीवर करू नये, घड्याळावर करावी, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन करावी. निवडलेल्या मुलाला एका मोसमात निकाल दिला नाही म्हणून सोडू नये. भारतीय फॉर्म्युला फोरपर्यंत आणि तिथून पुढे दहा वर्षे त्याच्या मागे राहावे. बाहा आणि फॉर्म्युला भारत या विद्यार्थी-स्पर्धांसाठी स्वतः गाड्या बांधणारी आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुले या कामाला जोडावीत, म्हणजे ड्रायव्हरबरोबर मेकॅनिक आणि इंजिनिअरही घडतील. आणि निवृत्त ड्रायव्हरांना शिकवायला बोलवावे, त्यांच्या शब्दाला वजन द्यावे, जसे सुझुकाने नाकाजिमाच्या शब्दाला दिले.

हे झाले तर दहा-पंधरा वर्षांनी महाराष्ट्राचा कुणी मुलगा एखाद्या मोठ्या संघात शेवटून दुसऱ्या जागेवरून शर्यत सुरू करेल. त्याच्यामागे कंपनी असेल. संघातला जोडीदार त्याच्यापेक्षा जलद असेल. तेव्हाही काही जण म्हणतील, हा पैशाचा ड्रायव्हर. त्यांना उत्तर द्यायला आपल्याकडे नाकाजिमाचे पूर्ण आयुष्य आहे: पाच अजिंक्यपदे आधी, पाच वर्षांची कठीण परीक्षा मध्ये, आणि नंतर ज्या शाळेतून सातो आणि त्सुनोदा निघाले ती शाळा. एका ड्रायव्हरची किंमत करायची तर या तिन्हींची बेरीज करावी लागते. ती न करता फक्त १६ हा आकडा फेकणाऱ्यांनी नाकाजिमाला मोजलेलेच नाही, आणि त्यांचे ऐकून आपण आपल्या मुलांचे भविष्य ठरवण्याचे काहीही कारण नाही.